विजय सॅम्युएल हजारे : उर्वरित संघाचे मानकरी

दर हिवाळ्यात देशातील राज्यसंघांमध्ये एकदिवसीय क्रिकेटचे सामने होतात आणि विजय हजारे करंडक हे नाव वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर झळकू लागते. माळशेज घाटाच्या वाटेवरील मढसारख्या जुन्नर तालुक्यातील गावापासून ते थेट वसईच्या वाड्यांपर्यंत टेनिसच्या चेंडूवर सामने रंगवणाऱ्या मुलांना हे नाव चांगले परिचयाचे आहे. परंतु ज्यांच्या नावाने हा करंडक दिला जातो ते हजारे कोण, असे विचारले तर बहुतेक मुले गप्प राहतात. ते सांगलीचे होते, मराठी होते, ख्रिस्ती होते, त्यांचे पूर्ण नाव विजय सॅम्युएल हजारे असे होते, हे ऐकून आपल्या धर्मग्रामांतील मोठी माणसेही चकित होतात. २००४ साली ते निवर्तले. त्यांचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेली पिढीही आता जवळजवळ सरली आहे. म्हणून त्यांच्या कारकिर्दीचा परिचय वाचकांना करून द्यावा असे आम्ही योजिले आहे.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. वडील शाळेत शिक्षक होते आणि घरात आठ मुले होती. शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारात एवढा मोठा संसार चालवणाऱ्या घरात क्रिकेटसारखा खर्चिक खेळ वाढावा ही गोष्ट साधी नव्हती. त्या काळी क्रिकेट हा पोटापाण्याचा उद्योग नव्हता. ज्याच्या घरी संपत्ती होती त्याने तो हौसेने खेळावा, नाहीतर एखाद्या संस्थानिकाच्या पदरी राहून, तेथे नोकरी करीत खेळावा, असे दोनच मार्ग होते. हजारे यांच्या वाट्याला दुसरा मार्ग आला.

आरंभी त्यांची ओळख गोलंदाज म्हणून अधिक होती. मध्यमगतीचा, टप्प्यावर नेमका पडणारा चेंडू हे त्यांचे हत्यार होते. फलंदाज म्हणून उभे राहण्याची त्यांची ढब मात्र पाहणाऱ्याला विचित्र वाटे. दोन्ही पॅडच्या मध्ये बॅट अडकवल्यासारखी धरून ते वाकून उभे राहत. शास्त्रशुद्ध फलंदाजीचे पाठ देणाऱ्या कोणालाही ते रुचले नसते. ऑस्ट्रेलियाचे थोर फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट काही काळ हिंदुस्थानात शिकवण्यासाठी आले होते. त्यांचे मार्गदर्शन हजारे यांना लाभले आणि त्यांच्यातील फलंदाज बहरला. ढब मात्र शेवटपर्यंत तीच राहिली. चेंडू येईपर्यंत अवघडलेला दिसणारा हा माणूस चेंडू आला की बॅट अगदी सरळ खाली आणी. कव्हर ड्राइव्ह आणि हुक हे दोन्ही फटके त्यांच्याजवळ होते, पण त्यांची खरी ताकद होती ती तासन् तास न कंटाळता उभे राहण्यात.

पुण्याच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक नोंद येथे केली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत हजारे महाराष्ट्राच्या संघातून रणजी करंडकाचे सामने खेळत. संघाचे कर्णधार होते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यांपैकी पहिल्या वर्षी पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणाही भारतीयाने झळकावलेले ते पहिले त्रिशतक होय. ज्या बडोद्याच्या गोलंदाजांना त्यांनी असे दमवले, त्याच बडोद्याच्या महाराजांनी त्यांना पुढे आपल्या पदरी घेतले. १९४१-४२ च्या सुमारास ते बडोद्यास गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

आता आम्ही अशा एका स्पर्धेकडे वळतो जिचे नाव आजच्या वाचकाने कदाचित ऐकलेही नसेल. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपियन आणि पारशी यांच्यात सामने होत. १९०७ साली त्यात हिंदूंचा संघ आला, १९१२ साली मुस्लिमांचा. अशी ती चौरंगी स्पर्धा झाली. धर्माच्या नावाने संघ उभे करावेत आणि त्यांनी एकमेकांशी झुंजावे ही कल्पना आज आपल्याला खटकते, पण त्या काळी मुंबईत या सामन्यांइतकी गर्दी दुसऱ्या कोणत्याच खेळाला होत नसे. राहिले कोण? भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे लहान समाज. त्यांना कोणत्याच संघात जागा नव्हती. १९३७ साली त्यांच्यासाठी पाचवा संघ मान्य झाला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. या पाचव्या संघाला नाव देण्यात आले ते उर्वरितांचा संघ असे.

या नावाचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. इतर चारही संघांना स्वतःची नावे होती. आपल्याला मात्र बाकी उरलेले असे संबोधण्यात आले. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. संख्येने लहान असलेल्या समाजांना एकत्र बांधण्यासाठी कोणीतरी सोयीचा शब्द शोधला, एवढेच. परंतु त्या शब्दाखाली खेळायला उतरणाऱ्या खेळाडूंची अडचण खरी होती. हिंदूंच्या संघाला निवडीसाठी अवघा देश मोकळा होता. उर्वरितांना मूठभर नावांतून अकरा जण जमवावे लागत. त्या मूठभर नावांत विजय हजारे हे एक नाव होते.

१९४३ सालची पंचरंगी स्पर्धा ही दोन विजयांची स्पर्धा म्हणून ओळखली जाते. एक मुंबईचे विजय मर्चंट, दुसरे आपले विजय हजारे. मर्चंट श्रीमंत गिरणीमालकाच्या घरातले, हजारे शिक्षकाच्या घरातले. मर्चंट यांची शैली रेखीव, हजारे यांची ओबडधोबड. दोघांची धावांची भूक मात्र सारखीच. मुस्लिमांविरुद्धच्या सामन्यात हजारे यांनी २४८ धावा करून स्पर्धेतील विक्रम आपल्या नावे केला. अंतिम सामना ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदू आणि उर्वरित यांच्यात झाला. त्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून तो विक्रम मोडला आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. उत्तरादाखल उर्वरितांचा संघ अवघ्या १३३ धावांत कोसळला. त्यांतील ५९ एकट्या हजारे यांच्या होत्या. फॉलोऑन मिळाला. पराभव निश्चित होता. अशा वेळी सामान्य संघ लवकर बाद होऊन घरी जाण्याची वाट पाहतो.

हजारे दुसऱ्यांदा मैदानात उतरले. एका बाजूने गडी बाद होत राहिले, ते मात्र हलले नाहीत. पाच गडी बाद झाल्यावर त्यांच्या साथीला आले ते त्यांचे धाकटे बंधू विवेक. विवेक हे काही नामांकित फलंदाज नव्हते. त्यांनी एकच काम पत्करले, ते म्हणजे बाद न होणे. दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भागीदारी केली आणि तीत विवेक यांचा वाटा होता २१ धावांचा! क्रिकेटच्या इतिहासात असे दुसरे उदाहरण शोधून सापडणे कठीण. आम्हांला तर या २१ धावांचे मोल ३०० धावांहून कमी वाटत नाही. तासन् तास समोर उभे राहून, स्वतःसाठी काहीही न मागता, थोरल्या भावाला खेळू देणे हे मोठे अवघड काम असते. ते विवेक यांनी केले, म्हणूनच विजय यांचा विक्रम घडला.

हजारे ३०९ धावांवर बाद झाले. संघाच्या एकूण धावा होत्या ३८७. म्हणजे शंभरातील जवळजवळ ऐंशी धावा एकट्याच्या. त्या दिवसापर्यंत प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पूर्ण झालेल्या डावातील एवढा मोठा वाटा कोणीही उचललेला नव्हता. उर्वरितांचा संघ तरीही एक डाव आणि ६१ धावांनी हरला. करंडक हिंदूंना मिळाला. पण मुंबईकरांच्या तोंडी पुढे कितीतरी दिवस नाव राहिले ते हरलेल्या संघातील एका ख्रिस्ती खेळाडूचे. टाळ्या वाजवणाऱ्यांत बहुसंख्य अर्थातच हिंदू होते, हे विसरता कामा नये.

पंचरंगी स्पर्धा १९४६ च्या आरंभी अखेरची खेळली गेली. गांधीजींनी धर्माच्या नावावरील या सामन्यांबद्दल १९४० सालीच नापसंती व्यक्त केली होती. ती बंद पडली हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. हजारे यांच्यासारख्याला धर्मावर आधारलेल्या संघाची गरज नव्हतीच, हे पुढील वर्षी बडोद्याने दाखवून दिले.

मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यात होळकर संघाविरुद्ध झाला. होळकर संघ २०२ धावांत बाद झाला, पण बडोद्याचेही तीन गडी ९१ धावांत तंबूत परतले. तेथून हजारे आणि लाहोरचे गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही गड्यासाठी तो जागतिक विक्रम ठरला आणि जवळजवळ साठ वर्षे टिकला. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने या जोडीने तो मोडला. त्याच मार्च महिन्यात लाहोरात आणि रावळपिंडीत दंगलींचा आगडोंब उसळला होता. तिकडे माणसे एकमेकांच्या जिवावर उठलेली असताना इकडे सांगलीचा ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान बडोद्याच्या हिंदू महाराजांसाठी धावा जमवीत होते. काही महिन्यांतच फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्या देशाकडूनही एक कसोटी सामना खेळले.

कसोटी क्रिकेटमध्ये हजारे यांचे आगमन फार उशिरा झाले. १९३६ नंतर महायुद्धामुळे भारत दहा वर्षे एकही कसोटी खेळला नाही. ही दहा वर्षे म्हणजे हजारे यांच्या आयुष्यातील एकवीस ते एकतीस हा काळ. फलंदाजाच्या ऐन उमेदीचा. जून १९४६ मध्ये लॉर्ड्सवर ते पहिली कसोटी खेळले तेव्हा एकतिशी ओलांडली होती. त्या दौऱ्यात यॉर्कशायरसारख्या तगड्या परगण्याविरुद्ध त्यांनी नाबाद २४४ धावा केल्या.

स्वतंत्र भारताचा पहिला परदेश दौरा १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला. समोर सर डोनाल्ड ब्रॅडमन यांचा संघ, आणि त्यात लिंडवॉल व मिलर ही द्रुतगती जोडी. या दौऱ्यात हजारे यांच्यातील गोलंदाज ब्रॅडमन यांना दोनदा त्रिफळाबाद करून गेला, एकदा सिडनीत आणि एकदा ॲडलेडला. ॲडलेडच्या त्या डावात ब्रॅडमन यांनी आधी २०१ धावा काढून घेतल्या होत्या ही गोष्ट निराळी!

जानेवारी १९४८ चा हा ॲडलेडचा सामना म्हणजे हजारे यांच्या कारकिर्दीचे शिखर. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर उभा केला. भारताचा निम्मा संघ स्वस्तात बाद झाल्यावर हजारे यांनी ११६ आणि दत्तू फडकर यांनी १२३ धावा केल्या, पण फॉलोऑन टळला नाही. दुसऱ्या डावात लिंडवॉल यांनी मंकड आणि कर्णधार अमरनाथ या दोघांना शून्यावर परत पाठवले. हजारे थकलेले असणार, पण त्याची खूण त्यांच्या खेळात दिसली नाही. संघाच्या २७७ धावांपैकी १४५ त्यांनी केल्या. लिंडवॉल यांनी त्या डावात सात बळी घेतले यावरून गोलंदाजी कशी होती हे लक्षात यावे. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. भारत हा सामना एक डाव आणि १६ धावांनी हरला.

पुन्हा पराभवच. वाचकांच्या ध्यानात आले असेल की हजारे यांच्या फार मोठ्या खेळी हरलेल्या सामन्यांतील आहेत. निदान फेब्रुवारी १९४९ मध्ये तरी हे दैव पालटेल असे वाटले होते. मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्धच्या शेवटच्या कसोटीत भारतासमोर ३६१ धावांचे लक्ष्य होते. हजारे यांनी १२२ धावांची खेळी करून विजय दृष्टिपथात आणला. भारत ८ बाद ३५५ वर असताना पंचांनी खेळ संपल्याचे जाहीर केले. जिंकायला फक्त सहा धावा हव्या होत्या, षटकातील एक चेंडूही शिल्लक होता आणि घड्याळातही अवधी उरला होता असे म्हणतात. पहिल्या कसोटी विजयासाठी देशाला आणखी तीन वर्षे थांबावे लागले.

तो विजय अखेर आला हजारे यांच्याच नेतृत्वाखाली. १९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा हजारे यांच्याकडे कर्णधारपद सोपवण्यात आले. दिल्लीत त्यांनी नाबाद १६४ आणि लगेच मुंबईत १५५ धावा केल्या. मालिकेतील पाचवी कसोटी फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला झाली. विनू मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके ठोकली आणि भारताने एक डाव आणि ८ धावांनी विजय मिळवला. १९३२ पासून वीस वर्षांत खेळलेल्या पंचवीस कसोट्यांतील भारताचा हा पहिला विजय. इंग्लंडच्या त्या संघात हटन, कॉम्प्टन, बेडसर असे पहिल्या फळीचे खेळाडू नव्हते हे खरे. तरीही स्वतंत्र भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारा कर्णधार सांगलीच्या ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा होता, ही नोंद इतिहासात कायमची झाली आहे.

हे कर्णधारपद हजारे यांना मानवले का? आमच्या मते नाही. ते अबोल, संकोची आणि सरळमार्गी होते. संघात भांडणे होती, गट होते, संस्थानिकांची आणि मंडळाची राजकारणे होती. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यावर निघताना मंडळाने मंकड यांना निवडीची हमी दिली नाही, म्हणून ते तेथील लीगमध्ये खेळायला गेले आणि पहिल्या कसोटीनंतरच त्यांना संघात बोलावून घ्यावे लागले. लीड्सच्या त्या पहिल्या कसोटीत हजारे यांनी पहिल्या डावात ८९ धावा करून तरुण विजय मांजरेकर यांच्या साथीने डाव सावरला. दुसऱ्या डावात तर धावफलकावर एकही धाव नसताना चार गडी बाद झाले होते! फ्रेड ट्रूमन यांची ती पहिलीच कसोटी. तेथेही हजारे यांनी ५६ धावा केल्या आणि फडकर यांच्यासह शतकी भागीदारी रचली. पण मँचेस्टरला भारताचा संघ एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत दोनदा बाद झाला. मालिका ३-० अशी गमावली. कर्णधाराने आक्रमक व्हावे, डाव टाकावेत, अशी अपेक्षा असते. हजारे यांचा स्वभाव बचावाकडे झुकणारा होता.

त्यांचे जुने प्रतिस्पर्धी मर्चंट यांचेही मत असेच होते. कर्णधारपदाच्या ओझ्यामुळे हजारे भारताचे सर्वश्रेष्ठ फलंदाज होऊ शकले नाहीत, अशी खंत त्यांनी व्यक्त केली होती. दिल्ली आणि मुंबईची शतके कर्णधार असतानाचीच आहेत, तेव्हा हे मत सरसकट मान्य करता येणार नाही. परंतु १९५२ च्या अखेरीस पाकिस्तानविरुद्ध अमरनाथ कर्णधार झाले आणि मोकळे झालेल्या हजारे यांनी मुंबईत नाबाद १४६ धावा केल्या, याकडेही दुर्लक्ष करता येत नाही. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर पुन्हा तेच पद त्यांच्या गळ्यात पडले. ती मालिका भारताने १-० अशी गमावली आणि हजारे यांची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. चौदा कसोट्यांत त्यांनी नेतृत्व केले. एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित.

आकड्यांचा सोस आम्हांला नाही, पण काही आकडे सांगणे आवश्यक आहे. ३० कसोट्यांत २,१९२ धावा, सात शतके, सरासरी ४७ च्या पुढे. प्रथम दर्जाच्या सामन्यांत १८,७४० धावा, साठ शतके आणि ५९५ बळी. बडोद्याकडून ते १९६०-६१ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत खेळत राहिले. १९६० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्याच वर्षी जसू पटेल यांनाही ती मिळाली. क्रिकेटपटूंना मिळालेल्या या पहिल्या पद्मश्री होत. निवृत्तीनंतरही त्यांनी बडोदा सोडले नाही. मुंबईच्या समारंभांत मिरवणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. राज्यसंघांच्या एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले.

दीर्घ आजारानंतर १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदा येथे वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर ते ख्रिस्तवासी झाले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या ऋतुराज गायकवाड यांनी महाराष्ट्राकडून खेळताना एकाच षटकात सात षटकार ठोकले आणि नाबाद २२० धावा केल्या. तो सामना विजय हजारे करंडकाचा होता, आणि ज्या महाराष्ट्र संघासाठी ही खेळी झाली, त्याच संघातून खेळताना हजारे यांनी ८३ वर्षांपूर्वी पुण्यात आपले त्रिशतक केले होते.